‘चेम्मीन’ गटानं वाचताना: पाच बैठका आणि एक हिशेबाची वही

‘चेम्मीन’ ही मल्याळम कादंबरी गटानं वाचायला घेतली की तिसऱ्या बैठकीच्या आसपास गाडी हमखास एका जागी रुतते: नायिकेनं, करुत्तम्मानं, नवऱ्याला फसवलं की नाही? अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही म्हणतात, आवाज चढतात आणि कादंबरी बाजूलाच राहते. दोष कादंबरीचा नाही, हातात घेण्याच्या पद्धतीचा आहे. प्रेमकथा म्हणून वाचायला बसलं की शेवटी निकाल द्यावासा वाटतो. पहिल्या पानापासून पैशाचा माग काढत गेलं तर मात्र प्रेम, जात, समुद्राचं भय आणि शेवटच्या रात्रीचे मृत्यू एकमेकांत कसे अडकलेत ते दिसायला लागतं. म्हणून या आखणीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे एक साधी वही.

ही आखणी आठ ते दहा जणांच्या गटासाठी आहे. पाच बैठका, प्रत्येकी दीड तास, मध्ये एकेक आठवडा. दहाच्या वर माणसं झाली तर दोन गट करा. तेरा-चौदा जणांत निम्मे फक्त ऐकतात. खाली शेवटापर्यंतचं कथानक उघड केलं आहे, त्यामुळे हे टिपण सूत्रधारानं वाचावं, सगळ्यांना आधी वाटू नये.

आधी पुस्तकाची बाजू

तकळी शिवशंकर पिळ्ळै (१९१२–१९९९) यांची ही मल्याळम कादंबरी १९५६ साली आली. १९५७चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. १९८४चा ज्ञानपीठ पुरस्कार तकळींना मिळाला. तकळी हे त्यांच्या गावाचं नाव, आलप्पुळा जिल्ह्यातलं. घर शेतकरी नायर, व्यवसाय वकिली, तीही किनाऱ्यालगतच्या अंबलप्पुळाला. म्हणजे मच्छीमारांचं जग त्यांनी जवळून पाहिलं, पण ते त्यात जन्मलेले नव्हते. हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका, पाचव्या बैठकीत कामाला येतं.

मल्याळम येत नसेल तर इंग्रजीतले हे दोन अनुवाद बघा: नारायण मेनन यांचा १९६२चा, युनेस्कोच्या मालिकेत आलेला, आणि अनिता नायर यांचा २०११चा. हिंदीत ती ‘मछुआरे’ या नावानं वाचता येते. गटात सगळ्यांकडे एकच अनुवाद असेल तर उत्तम. नसेल तर पान क्रमांकावर भाग पाडू नका. ‘पान ८० पर्यंत वाचून या’ म्हटलं की एक जण लग्नात पोचलेला असतो आणि दुसरा अजून होडीच घेत असतो. भाग प्रसंगावर पाडा. खाली तसेच पाडले आहेत.

नावांचा कागद

पहिल्या बैठकीआधी एका पानावर नावं देवनागरीत लिहून वाटा. इंग्रजी अनुवादावरून वाचणारे ‘करुथम्मा’, ‘पालानी’ असं काहीही म्हणतात आणि दोन माणसं वेगळ्या पात्रांबद्दल बोलताहेत असं वाटायला लागतं. मल्याळम नावं इंग्रजीत लिहिताना ‘त’साठी बहुधा ‘टी-एच’ वापरतात, म्हणून ती करुत्तम्मा. ‘झेड-एच’ दिसलं तर ‘झ’ वाचू नका. आपला ‘ळ’ त्या उच्चाराच्या बराच जवळ जातो. पळनीच्या नावात तर चक्क ‘ळ’च आहे. इथे मराठी वाचकाला आयता फायदा आहे, तो सोडू नका.

कागदावर हवीत ती माणसं: करुत्तम्मा, तिचा बाप चेंबनकुंजू, आई चक्की, धाकटी बहीण पंचमी, मासळीचा तरुण मुसलमान व्यापारी परीकुट्टी, करुत्तम्माचा नवरा पळनी, होडी विकणारा कंडनकोरन आणि त्याची बायको पाप्पीकुंजू, शेजारपाजारचे अच्चकुंजू आणि नल्लपेण्णू. एवढी पुरतात.

तीन शब्दांचे अर्थ मात्र कागदावर ठळक लिहा. ‘चेम्मीन’ म्हणजे कोळंबी: ‘चें’ म्हणजे तांबूस-लाल, ‘मीन’ म्हणजे मासा, आपल्या राशीतला तोच मीन. ‘करुत्त’ म्हणजे काळं, म्हणजे नायिकेचं नाव आपल्याकडच्या ‘काळी’सारखं. आणि तिसरा शब्द, ज्यावर दहा मिनिटं खुशाल घालवावीत: करुत्तम्मा परीकुट्टीला नावानं हाक मारत नाही, ‘कोच्चुमुतलाळी’ म्हणते. ‘कोच्चु’ म्हणजे लहान, ‘मुतलाळी’ म्हणजे मालक, आणि त्यातलं ‘मुतल’ म्हणजे भांडवल, मुद्दल. प्रेमाच्या माणसाला ती आयुष्यभर ज्या शब्दानं हाक मारते त्याचा अर्थ ‘छोटे मुद्दलवाले’ असा होतो! अनुवादात ‘धाकटे मालक’ वगैरे झालं की ही गंमत आणि हा काटा दोन्ही निसटतात.

नकाशा आणि ऋतू

नकाशा हातानंच काढा, चार ठिकाणं पुरे. वर आलप्पुळा, व्यापाऱ्यांचं शहर. त्याखाली अंबलप्पुळ्याजवळ नीर्क्कुन्नम, करुत्तम्माचं माहेर. आणखी दक्षिणेला तृक्कुन्नप्पुळा, तिचं सासर. आणि बरंच खाली चेरियळीक्कल. तिथे काय होतं ते सांगू नका, नुसता ठिपका काढून ठेवा. सगळं पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे सूर्य समुद्रात मावळतो, आपल्या कोकणासारखाच.

इथेच मराठी वाचकाची एक पक्की चूक होते. आपल्याकडे पावसाळा म्हणजे होड्या किनाऱ्यावर, जाळी दुरुस्तीला, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यावर. त्यामुळे कादंबरीत पावसाळ्याच्या दिवसांत किनाऱ्यावर झुंबड उडते तेव्हा वाचक गोंधळतो. त्या भागात पावसाळ्यात ‘चाकरा’ लागते. तळाचा बारीक चिखल ढवळून एका पट्ट्यात तरंगत राहतो, त्यामुळे तिथल्या लाटा मोडतात, पाणी निवांत होतं आणि तारली, कोळंबी अशी मासळी थव्यानं तिथे येते. दूरदूरच्या होड्या त्या एका पट्ट्याकडे धावतात. वर्षाची कमाई त्या थोड्या दिवसांत होते आणि उधळलीही जाते. नकाशाच्या कडेला एवढं लिहून ठेवलं की दुसऱ्या भागातलं कर्ज, जल्लोष आणि पळनीचं येणं, तिन्हीचा मेळ बसतो.

पैसे आण्यांतले आहेत. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले, कादंबरी त्याच्या वर्षभर आधीची. १६ आण्यांचा रुपया ध्यानात ठेवा.

शब्द शोधताना कोळीवाड्यातले वापरा, काम सोपं होतं: तांडेल, खलाशी, वल्हं, गळ, वाटा, पाटी, वखार. मल्याळममधल्या ‘तुरा’ला किनाऱ्यावरची वस्ती म्हणा आणि ‘तुरेच्या अरयना’ला वस्तीचा पाटील. पण तुलना शब्दांपुरतीच. ‘आमच्या कोळ्यांतही अगदी असंच असतं’ हे वाक्य बैठकीत आलं की सूत्रधारानं नम्रपणे थांबवावं. सारखं काय आणि वेगळं काय हे कादंबरी संपल्यावर बघता येईल.

वही कशी आखायची

दोनशे पानी वही, गटाची एकच. दर बैठकीला एक जण कारकून. डाव्या पानावर देणंघेणं, उजव्या पानावर बोलणं. डाव्या पानाला पाच रकाने: कोणी दिलं, कोणाला, काय, बदल्यात काय ठरलं, फिटलं का. उजव्या पानाला तीन: कोण बोललं, कोणाबद्दल, ते बोलणाऱ्यानं स्वतः पाहिलं होतं का.

नमुन्यादाखल डाव्या पानाच्या पहिल्या नोंदी अशा येतील:

परीकुट्टीनं, चेंबनकुंजूला, रात्रीच्या वेळी वखारीतून सुक्या मासळीच्या टोपल्या, बदल्यात, होडी आली की मासळी परीकुट्टीला, फिटलं नाही.

समाजानं, चेंबनकुंजूला, होडी-जाळं बाळगायची मोकळीक, बदल्यात, पाटलाची संमती आणि नजराणा, कुरबुरीनंतर.

मासळी विकणाऱ्या चक्कीनं, घराला, वर्षानुवर्षं पाटी वाहून साठवलेले पैसे; बदल्यात, काहीच ठरलेलं नाही; रकाना कोरा.

हा तिसरा कोरा रकाना फार बोलतो. चक्कीच्या बाबतीत तो शेवटपर्यंत कोराच राहतो.

एक खबरदारी: वहीत ‘प्रेम’, ‘त्याग’, ‘विश्वासघात’ हे शब्द लिहायचे नाहीत. फक्त वस्तू, पैसा, शब्द दिला-घेतला आणि काम. सुरुवातीला काही जणांना हे रुक्ष वाटतं. तिसऱ्या बैठकीत तेच मागची पानं उलटून बघायला लागतात.

पहिली बैठक: होडीच्या सावलीपासून होडी घरी येईपर्यंत

सुरुवात मोठ्यानं वाचून करा. पहिल्याच प्रसंगात करुत्तम्मा आणि परीकुट्टी किनाऱ्यावरच्या होडीच्या आडोशाला बोलताहेत. ती सांगते, बाबा होडी-जाळं घेणार आहेत. तो म्हणतो, तुझं नशीब. मग पैसे कमी पडतात, तुम्ही द्याल का, असं बोलणं निघतं. तो विचारतो, दिले तर मासळी मला घालाल का. ती म्हणते, भाव बरा दिलात तर घालू. आणि दोघं हसत सुटतात.

हा संवाद दोन जणांकडून दोनदा वाचून घ्या. पहिल्यांदा लाडिक थट्टा म्हणून, दुसऱ्यांदा बाजारात सौदा ठरतो तशा कोरड्या आवाजात. शब्द तेच, काहीही बदलायचं नाही. दुसऱ्या वाचनात खोली गप्प होते, कारण लक्षात येतं की हा करारच आहे. पुढच्या सगळ्या अनर्थाच्या अटी या हसण्यात ठरून गेल्या: कर्ज कोण देणार, तारण काय, मासळी कोणाला. पुढे बाप खऱ्या व्यवहारात नेमकी हीच अट मोडतो. कारकुनानं पहिली नोंद इथून घ्यावी. मिरवायला निघालेलं प्रेमप्रकरण वहीच्या पहिल्या ओळीत सौदा म्हणून बसतं.

याच भागात आई मुलीला कडलम्माची, समुद्रआईची, गोष्ट सांगते. पहिला कोळी लाकडाच्या ओंडक्यावर बसून दर्यात गेला, वादळात सापडला, आणि किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या तपानं परत आला. म्हणजे दर्यावरच्या पुरुषाचा जीव किनाऱ्यावरच्या बाईच्या वागणुकीवर. ही गोष्ट कोण सांगतं, कोणाला आणि कोणत्या क्षणी, एवढंच उजव्या पानावर लिहा. आईनं मुलीला, ती परीकुट्टीशी हसताना दिसल्यावर. खरी-खोटी ठरवायला बसू नका, त्याची वेळ पाचव्या बैठकीत.

आणखी एक गोष्ट हटकून सुटते. चेंबनकुंजूला होडी नुसती कमाईसाठी नको आहे. कंडनकोरनच्या घरचं खाणंपिणं, त्याची गोरीगोमटी बायको, ते सुख बघून तो आलेला असतो, आणि चक्कीला सांगतो की आपणही गादीवर झोपू, तूही जरा अंगानं भर. चाळिशी ओलांडलेल्या, जन्मभर पाटी वाहिलेल्या बाईला नवरा हे सांगतो. त्याला खलनायक करून टाकण्याआधी हा प्रसंग पुन्हा वाचा.

दुसरी बैठक: चाकरा, रोख पैसे आणि पळनी

या भागाचा कणा एकच क्षण आहे. होडी भरून आली, किनाऱ्यावर घेणारे जमले, परीकुट्टी पुढे झाला आणि चेंबनकुंजूनं विचारलं, रोख आहेत का? त्याच्याकडे नाहीत. कारण त्याचं भांडवल याच होडीत गेलंय. मासळी दुसऱ्या व्यापाऱ्याला जाते.

इथे गटाला व्यवहार समजावून सांगावा लागतो, नाहीतर परीकुट्टी नुसता ‘भोळा प्रेमी’ वाटतो. छोटा व्यापारी मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून उचल घेतो. त्या पैशात किनाऱ्यावर ओली मासळी घेतो, ती वाळवतो, कोळंबी असेल तर उकडून, वाळवून, सोलून वर पाठवतो आणि उचल फेडतो. चक्र फिरत राहिलं तरच तो तगतो. त्यानं सुकी मासळी उसनी दिली म्हणजे चक्राचा एक दाताच काढून दिला. पुढच्या हंगामात हाती रोख नाही, रोख नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून उचल फिटत नाही. तो बुडतो तो प्रेमभंगानं नाही, खेळत्या भांडवलाअभावी. एखाद्या सदस्याचं किराणा दुकान असेल तर हे त्यांना समजावू द्या. सूत्रधारापेक्षा चांगलं समजावतील.

मायलेकींना हे देणं सतत टोचतं. पैसे परत केल्याशिवाय इथून जायचं कसं, हा करुत्तम्माचा प्रश्न आहे, आणि बापाला तो प्रश्नच पडत नाही. म्हणजे बापानं काढलेलं कर्ज मुलीच्या नावावर चढलं. वहीत ‘कोणाला’ या रकान्यात चेंबनकुंजू लिहिलंय, तिथे खाली करुत्तम्माचं नाव जोडायचं का, यावर मत घ्या. या बैठकीतला सगळ्यात चांगला वाद हाच होतो.

पळनी इथेच येतो: अनाथ, अंगापिंडानं दणकट, होडी हाकण्यात पटाईत. बापाला तो जावई म्हणून आवडतो, कारण त्याला मागे कोणी नाही, घरात राहील आणि होडी चालवील. डाव्या पानावर तोही एक व्यवहार म्हणून उतरवा.

तिसरी बैठक: लग्नाचा दिवस

भाग लहान, पण पूर्ण दीड तास द्या. वधूमूल्यावरून खटका उडतो, अनाथ वराकडच्यांची बाजू पडते, एवढा पैसेवाला माणूस आपली मुलगी अशा पोराला का देतोय अशी कुजबुज सुरू होते, आणि चक्की कोसळते. आई अंथरुणावर असताना मुलीनं जायचं की राहायचं? बाप म्हणतो राहा. पळनी म्हणतो आत्ताच चल. ती जाते आणि बाप नातं तोडतो.

इथे ‘तिनं आईला सोडून जायला नको होतं’ हे वाक्य येतंच. ते आलं की कागदाचे चार तुकडे करा: करुत्तम्मा, चक्की, पळनी, चेंबनकुंजू. दोन-दोन जणांना एकेक तुकडा द्या. त्यावर त्या घटकेला त्या माणसासमोर कोणते पर्याय होते आणि प्रत्येकाची किंमत काय, एवढंच लिहायचं. वेळ १५ मिनिटं. करुत्तम्माच्या तुकड्यावर ‘राहणं’ याची किंमत लिहिताना बहुतेकांच्या लक्षात येतं की राहणं म्हणजे परीकुट्टीच्या गाण्याच्या टप्प्यात राहणं. चांदण्या रात्री तो किनाऱ्यावर बसून गातो आणि ते सगळ्या वस्तीला ऐकू जातं. ती नवऱ्यामागे जाते त्याहून जास्त त्या किनाऱ्यापासून दूर जाते, आणि आईलाही तेच हवं असतं.

पळनीचा तुकडा कोणी घ्यायला तयार नसतं. मुद्दाम गटातल्या सगळ्यात बोलक्या माणसाला द्या. मूळ नसलेला माणूस भर मांडवात आपल्या मूळ नसण्यावरून अपमानित होतो, हे लिहून काढलं की पुढचा त्याचा हट्ट आणि संशय नुसता पुरुषी ताठा म्हणून निकालात काढता येत नाही.

चौथी बैठक: दोन किनारे

इथून कथा दोन ठिकाणी चालते आणि वाचक एका बाजूला कलतात. फळ्याचे दोन भाग करा, एकीकडे नीर्क्कुन्नम, दुसरीकडे तृक्कुन्नप्पुळा, मधून बाण. चक्की आजारी, मरताना परीकुट्टीला सांगते की करुत्तम्माचा भाऊ हो. चेंबनकुंजू विधवा पाप्पीकुंजूला घरात आणतो. होडी ज्याची, बायकोही त्याचीच. पंचमीला सावत्र घर सोसत नाही, ती बहिणीकडे येते. चेंबनकुंजूची भरभराट ओसरते, डोकं फिरतं.

आता एकच बाण जाड काढा. चक्की गेल्याचा निरोप घेऊन तृक्कुन्नप्पुळ्याला कोण येतं? परीकुट्टी. मरत्या आईनं त्याला भाऊ केलंय, त्या नात्यानं तो येतो. पण त्या किनाऱ्याला दिसतो तो नव्या नवरीच्या दारात आलेला परका मुसलमान. उजव्या पानावरचा तिसरा रकाना, ‘स्वतः पाहिलं का’, इथून पुढे जवळजवळ सगळा ‘नाही’ असा भरतो. चांगल्या हेतूनं केलेल्या कामातून कुजबुज, कुजबुजीतून भीती, आणि भीतीतून पळनीला होडीवरून काढणं. ज्याची बायको अशी, त्याच्याबरोबर दर्यावर जायचं कसं? सगळ्यांचाच जीव धोक्यात. मग तो एकटा छोट्या होडीतून गळ टाकायला जाऊ लागतो.

या ओळी फळ्यावर तशाच ठेवा, पुसू नका. फोटो काढून घ्या, पुढच्या आठवड्यात लागतील.

हिंदू-मुसलमान हा विषय इथे पेटू शकतो. तो टाळू नका, पण कादंबरीच्या मापात ठेवा. परीकुट्टीचा धर्म हा लग्नाचा विचारही न करता येण्याचं कारण आहे. दोघांपैकी कोणीही तो विचार मोठ्यानं बोलत नाही. आजच्या बातम्या टेबलावर आल्या की वही उघडून विचारा: ही नोंद कोणत्या रकान्यात? विषय आपोआप परत येतो. आणि जात विसरू नका. त्या किनाऱ्यावरच्या माणसांत आपसातही वरखाली आहे. होडी-जाळं कोणी घ्यावं याचे दंडक आहेत, आणि चेंबनकुंजूनं ते ओलांडलेत.

पाचवी बैठक: शेवटची रात्र

या वेळी चहा आधी द्या. शेवटचं प्रकरण बैठकीतच मोठ्यानं वाचायचं, मध्ये उठायचं नाही.

पळनी रात्री एकटा दर्यात. गळाला प्रचंड शार्क लागतो आणि होडी ओढत नेतो. किनाऱ्यावर परीकुट्टी येतो आणि करुत्तम्मा त्याच्याकडे जाते. दोन दिवसांनी दोघांचे मिठीतले देह किनाऱ्याला लागतात. आणि त्या नकाशावरच्या ठिपक्यावर, चेरियळीक्कलला, गळ गिळलेला शार्क वाहून येतो. किनाऱ्यावर पंचमी बहिणीच्या तान्ह्या मुलीला घेऊन रडते आहे.

वाचून झाल्यावर पाच मिनिटं कोणी बोलू नये. मग आईनं सांगितलेली पहिल्या कोळ्याची गोष्ट पुन्हा वाचा, ती इथे उलटी होऊन परतली आहे. आणि गटातलं कोणीतरी म्हणेलच: म्हणजे लेखकानं अंधश्रद्धा खरी ठरवली. बाई चुकली, नवरा बुडाला.

त्यावर वाद घालू नका. मागच्या आठवड्याचा फोटो काढा आणि शेवटापासून मागे चला. पळनी का बुडाला? एवढा मासा लागला तेव्हा होडीत दुसरं कोणी नव्हतं. का नव्हतं? खलाश्यांनी त्याला टाकलं होतं. का? बायकोबद्दल बोललं जात होतं. का? परीकुट्टी दारात आला होता. का आला? चक्कीनं भाऊ केलं होतं. तिनं तसं का करावं? तिच्या घरानं त्याला बुडवलं होतं, आणि दुसरं द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. या साखळीत शेवटचा शार्क सोडला तर समुद्रानं केलेलं असं काहीच नाही. कडलम्माचा शाप माणसांनीच, तो खरा मानून, एकेक पाऊल टाकत पुरा केला. करुत्तम्मा किनाऱ्यावर उभी राहून प्रार्थना करत असती तरी पळनी त्या होडीत एकटाच असता.

हे एकमेव वाचन नाही. उलट बाजूनं म्हणता येतं की तकळींनी शार्कचा आणि मिठीचा क्षण एकाच रात्री आणून दंतकथेला बळच दिलं, आणि तेही वस्तीबाहेरच्या माणसानं, त्या वस्तीतल्या बायकांच्या माथी. आक्षेप वजनदार आहे. त्यासाठी वहीचं उजवं पान उघडा: ही श्रद्धा बोलून दाखवणाऱ्यांत बायका किती, पुरुष किती, आणि कोणाच्या वागण्यावर ती कधीच लावली जात नाही? चेंबनकुंजू दुसरी बायको आणतो तेव्हा समुद्र कोपल्याचं कोणी म्हणत नाही. मोजून झालं की ज्याला जे ठरवायचं ते ठरवू द्या. मतदान घेऊ नका.

सिनेमा कधी बघायचा

पुस्तक संपल्यानंतर, किमान एक आठवडा मध्ये सोडून. आधी बघितला की करुत्तम्मा म्हणजे शीला, परीकुट्टी म्हणजे मधू आणि पळनी म्हणजे सत्यन हेच चेहरे डोळ्यांत बसतात. रामू करियात यांचा हा १९६५चा चित्रपट; राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा दक्षिणेतला पहिला. संगीत सलील चौधरी, संकलन हृषीकेश मुखर्जी, छायाचित्रण मार्कस बार्टली.

बघताना दोन कामं वाटून द्या. एकानं मन्ना डे यांच्या ‘मानसमैने वरू’कडे लक्ष द्यावं: परीकुट्टीचं गाणं पुस्तकात वस्तीच्या कानावर पडणारा पुरावा आहे, पडद्यावर ते आपल्या कानावर पडतं आणि आपण त्याच्या बाजूचे होऊन जातो. दुसऱ्यानं वही घेऊन बसावं आणि डाव्या पानावरच्या कोणत्या नोंदी सिनेमात आल्या नाहीत त्यावर पेन्सिलीनं खुणा कराव्यात. सबटायटल आधी तपासा. ‘कोच्चुमुतलाळी’ या हाकेचं त्यात काय केलंय ते बघून ठेवा, कारण नावांचा कागद जपून ठेवलेला एक तरी सदस्य ते विचारणारच.